बॅगेतलं ऑफिस घरी चालतं, गिऱ्हाईकासमोर बंद पडतं: कुठून तपासायचं

टॅब, पावतीचा प्रिंटर, पॉवर बँक हे सगळं एकाच ब्रीफकेसमध्ये बसवून फिरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जरी तुमच्या बॅगेत दिसत असतील, तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

- सकाळी शंभर टक्के भरलेला टॅब दुपारी दोनला वीसवर येतो, आणि पॉवर बँकेचे तीन दिवे अजून जळत असतात.
- बॅग बंद करताना चार्जिंगचं चिन्ह दिसतं. तासाभराने उघडली की गायब.
- प्रिंटरची वायर लावली की टॅबचं चार्जिंग एकदा तुटतं आणि परत सुरू होतं. कधी सुरू होतच नाही.
- पावतीच्या वरच्या ओळी ठळक, खालच्या फिकट. किंवा प्रिंटर अर्धी पावती काढून आपोआप बंद.
- ब्लूटूथच्या यादीत प्रिंटर दिसतो, पण जोडला जात नाही.
- टॅब बॅगेतून काढला की हाताला गरम लागतो, स्क्रीन अंधुक झालेली असते.
- आणि सगळ्यात वैताग आणणारं: दुरुस्तीवाल्याकडे नेलं की सगळं सुरळीत.

दादरला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पतपेढ्यांचे पिग्मी एजंट (रोजची छोटी ठेव दारोदार गोळा करणारे), विमा सल्लागार, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, अपघाती गाड्या बघायला जाणारे सर्व्हेअर अशी मंडळी ही बॅग घेऊन येतात. आत टॅब किंवा मोठा फोन, घडीचा कीबोर्ड, दोन इंची थर्मल प्रिंटर, पॉवर बँक, कुणाकडे वेगळा हॉटस्पॉट, आणि हे सगळं फोममध्ये खाचा पाडून नीट बसवलेलं. बॅग उघडली की एखाद्या दागिन्याच्या पेटीसारखी दिसते. तिथेच घोळ आहे. दहातल्या सात-आठ बॅगांमध्ये एकही वस्तू बिघडलेली नसते. त्या एकत्र कशा ठेवल्यात, एकमेकींना कशा जोडल्यात, तिथे बिघाड असतो. दुकानात बॅग उघडी असते, आडवी असते, डोक्यावर पंखा असतो. मग चालणारच की.

म्हणून कुणी "नवा टॅब घ्या", "नवा प्रिंटर घ्या" म्हणालं तरी पाकिटाला लगेच हात घालू नका. फुकटातल्या गोष्टींपासून सुरुवात करा.

पहिली तपासणी: सगळं टेबलावर काढा

बॅगेतल्या सगळ्या वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडा. वायरी त्याच ठेवा, जोडणीही तीच ठेवा. अर्धा तास टॅबवर काम करा, चार पावत्या काढा. काहीच बिघडलं नाही तर दोष बॅगेत आहे, म्हणजे वायर दुमडणं, उष्णता, दाब यांपैकी काहीतरी. टेबलावरही तेच झालं तर दोष वायर, पॉवर बँक किंवा यंत्रात. या अर्ध्या तासाने पुढची निम्मी तपासणी वाचते. तरी लोक हीच पायरी गाळतात आणि थेट लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठतात.

ब्लूटूथ: आधी दुसरा फोन शोधा

प्रिंटर यादीत दिसतो पण जोडला जात नाही, याचं पहिलं कारण म्हणजे तो आधीच दुसऱ्या कुणाशी जोडलेला असतो. हे छोटे प्रिंटर बहुधा एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. घरी मुलाने गंमत म्हणून आपल्या फोनवरून एक पावती काढून बघितलेली असते, किंवा पतपेढीतला जुना टॅब शेजारच्या खुर्चीवर चालू असतो. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि परत बघा.

तेवढ्याने नाही झालं तर टॅबमधून प्रिंटर 'फरगेट' करा, प्रिंटर बंद-चालू करा आणि नव्याने पेअर करा. कोड बहुतेक वेळा ०००० किंवा १२३४ असतो. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या टॅबवर ॲपला 'जवळपासची डिव्हाइस' ही परवानगी लागते. ॲप नव्याने टाकताना घाईत कुणीतरी 'नको' दाबलेलं असतं. त्याच सेटिंगमध्ये बॅटरी बचतही बघा. पावतीचं ॲप त्यातून वगळलेलं नसेल तर स्क्रीन बंद झाल्यावर अँड्रॉइड त्याला झोपवतो आणि जोडणी तुटते. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनिर्बंध' निवडा.

हॉटस्पॉट प्रिंटरला चिकटून ठेवला असेल तर जरा लांब करा. दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे एका डब्यात कोंबले की गोंधळ वाढतो. हॉटस्पॉटमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो लावा. बॅग ॲल्युमिनियमची असेल तर हॉटस्पॉट बाहेरच्या कप्प्यात हवा. धातूच्या पेटीत सिग्नल मंदावतो, मग तो जोर लावून टॉवर शोधत बसतो आणि त्यात स्वतःची बॅटरी संपवतो.

कागद

पावती पूर्ण कोरी येते? रोल उलटा बसलाय. थर्मल कागदाला एकाच बाजूने रसायनाचा थर असतो. नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटते ती बाजू प्रिंटरच्या डोक्याकडे हवी. जास्तीचे रोल बॅगेत पॉवर बँकेला टेकवून ठेवू नका, उष्णतेने कागद आधीच करडा पडतो.

पॉवर बँक झोपते, तिला जागं ठेवा

पॉवर बँक भरलेली, वायर चांगली, आणि तरी तासाभराने बघितलं तर चार्जिंग बंद. याचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत नसतं. कुणी फारच कमी वीज ओढत असेल तर 'काम संपलं' असं समजून पॉवर बँक स्वतःला बंद करते. ही मर्यादा साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या आसपास असते. घडीचा कीबोर्ड किंवा भरत आलेला प्रिंटर एवढी वीजसुद्धा घेत नाही. मग अर्ध्या-एक मिनिटात पॉवर बँक झोपी जाते. तुम्हाला वाटतं कीबोर्ड रात्रभर चार्जिंगला होता. प्रत्यक्षात मिनिटभरच होता.

काही पॉवर बँकांत बटण दोनदा दाबलं किंवा दाबून धरलं की कमी विजेची पद्धत सुरू होते आणि ती झोपत नाही. माहितीपत्रकात बघा. ती सोय नसेल तर कीबोर्ड आणि प्रिंटर घरच्या चार्जरवर भरा, बॅगेतली पॉवर बँक फक्त टॅबसाठी ठेवा. हा एवढा बदल करून परत न आलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे बरीच आहेत.

दुसरी गंमत दोन पोर्टांची. टॅब जलद चार्जिंगवर असतो, म्हणजे पॉवर बँक त्याला ९ व्होल्ट देत असते. दुसऱ्या पोर्टात प्रिंटर लावला की बऱ्याच पॉवर बँका दोन्ही पोर्ट क्षणभर तोडतात, नव्याने वाटणी करतात आणि दोघांनाही ५ व्होल्टवर आणतात. म्हणजे प्रिंटर लावल्यापासून टॅबचं चार्जिंग निम्म्यावर येतं. स्क्रीन, हॉटस्पॉट आणि ॲप यांची भूक त्याहून मोठी असते, त्यामुळे चिन्ह चार्जिंगचं आणि आकडा मात्र उतरता. "चार्जिंगला लावलंय तरी कमी होतंय" ही तक्रार ऐकली की मी आधी दुसऱ्या पोर्टात काय आहे ते बघतो.

हिशेब करा, छापील आकड्यावर जाऊ नका

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचं. म्हणजे १० अँपिअर-तास गुणिले ३.७, ३७ वॉट-तास. व्होल्टेज वर-खाली करताना आणि वायरीत त्यातलं बरंच उष्णता होऊन जातं. ८,००० एमएएचच्या टॅबला पूर्ण भरायला साधारण ३० वॉट-तास लागतात. म्हणजे दहा हजारवाली बँक तुमचा टॅब एकदासुद्धा जेमतेम भरते, दोनदा तर विसराच. पाठीवर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' असा दुसरा आकडा असतो, तो मोठ्या आकड्याच्या साठ-पासष्ट टक्के असतो. खरा तोच.

दिवसभर फिरणाऱ्याला २०,००० ची लागते. ती ७४ वॉट-तासांची होते, विमानाच्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. फक्त हातातल्या सामानात ठेवायची.

इथे जरा जुन्या दिवसांची आठवण येते. १९९४ साली आलेला एचपीचा २०० एलएक्स हा हातात मावणारा संगणक दोन पेन्सिल सेलवर कित्येक दिवस चालायचा. १९९७ चा सायन सिरीज ५ सुद्धा दोन पेन्सिल सेलवरच, आणि त्याला कीबोर्डही झकास होता. तेव्हाच्या ब्रीफकेसमध्ये विजेचा प्रश्न पानाच्या टपरीवर सुटायचा, दोन सेल घेतले की झालं. अडचण होती ती इन्फ्रारेडची, यंत्राचा आणि प्रिंटरचा डोळा समोरासमोर आला नाही तर कागद हलायचा नाही. आता डोळे जुळवावे लागत नाहीत, पण पोट भरता भरत नाही.

वायर बदलून बघा, आणि नीट ऐका, कुठली

आता थोडा खर्च. दोन-तीनशे रुपयांची चांगली वायर आणा. जुन्या वायरीत तार आतून तुटलेली असते, वरून काहीच दिसत नाही. पिनेजवळचे पहिले दोन इंच बोटांत धरून हलकेच वाकवा. चार्जिंगचं चिन्ह लुकलुकलं तर वायर फेका. चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका.

पण नवी वायर आणूनही प्रिंटर चार्ज होत नसेल तर? सध्या महिन्यातून दोन-तीनदा तरी हे बघतो. स्वस्त प्रिंटरला टाइप-सी पोर्ट असतो, पण आत सी पोर्टाला लागणारे दोन छोटे रेझिस्टर, ५.१ किलोओमचे, कंपनीने वाचवलेले असतात. ते नसले की सी-टू-सी वायरीच्या पलीकडच्या पॉवर बँकेला इकडे कुणी आहे हेच कळत नाही. ती वीज सोडतच नाही. त्याच प्रिंटरला जुन्या चपट्या यूएसबीची वायर लावा, म्हणजे एका टोकाला ए आणि दुसऱ्याला सी, की लगेच दिवा लागतो. यासाठी प्रिंटर खोलायची, बोर्ड बदलायची काही गरज नाही. वायरीवर पेनाने 'प्रिंटर' लिहून ठेवा.

पोर्ट साफ करा

बॅगेतला फोम झिजतो, त्याची भुकटी आणि कपड्यांचा कापूस पोर्टात जाऊन बसतो. पिन पूर्ण आत जात नाही, थोडी सैल राहते आणि लोकलच्या पहिल्या झटक्याला सुटते. टॅब बंद करा, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कचरा बाहेर ओढा. सुई, सेफ्टीपिन अजिबात नको, मधल्या पातळ जिभेवरचे कॉन्टॅक्ट ओरबाडले जातात. मुंबईत आणखी एक त्रास: खारी हवा आणि पावसाळा. एसी ऑफिसमधून थंडगार टॅब घेऊन जुलैच्या दमट रस्त्यावर आलात की पोर्टात दमट हवेचं पाणी होतं. 'ओलावा आढळला' अशी सूचना आली तर चार्जिंगचा हट्ट करू नका. ओल्या पिनेतून वीज गेली की ती गंजते. पिनेवर हिरवट थर दिसला तर तो घरी खरवडू नका, त्याचं काय करायचं ते खाली 'इथे थांबा'मध्ये सांगितलंय.

आता बॅग

टेबलावर सगळं चाललं होतं ना? मग दोष इथे आहे.

लालबागच्या चिवडा गल्लीत फिरणारे एक पिग्मी काका गेल्या वर्षी चार वेळा आले. चारही वेळा प्रिंटर चालू. पाचव्यांदा मी त्यांना म्हटलं, काका, बॅग माझ्या हातात देऊ नका, तुम्ही रोज करता तसं करा. त्यांनी बॅग बंद केली, दांडीने उचलली, खांद्याला लावून उभी धरली, पायरीवर आपटल्यासारखी टेकवली. मी कान लावला. आत 'टक' असा बारीक आवाज आला. उघडून बघतो तर प्रिंटर फोमच्या खाचेतून अर्धा इंच खाली सरकलेला, आणि त्याची चार्जिंगची पिन झाकणाच्या कडेने दाबून तिरकी झालेली. फोम कापताना त्यांनी पिनेसाठी जागाच सोडली नव्हती. टेबलावर बॅग आडवी, तेव्हा प्रिंटर जागेवर. दांडीने धरली की खाली. बिचारे चार महिने गिऱ्हाइकांना "पावती उद्या देतो" म्हणत होते.

म्हणून बॅग भरून बंद करा, उभी करा, जरा हलवा, आणि मग बघा. तीन गोष्टी तपासायच्या.

पिनेसमोर किमान दोन बोटांची मोकळी जागा हवी. काटकोनात वळलेल्या डोक्याची वायर मिळते, ती घ्या. वायर पिनेपासून चार-पाच बोटांवर वेल्क्रोच्या पट्टीने फोमला बांधा आणि मधे थोडी ढील सोडा. ओढ बसली तर ती पट्टीवर बसते, पोर्टावर येत नाही. चुंबकाच्या पिना मिळतात, त्या मी कुणाला सुचवत नाही. गर्दीत कोपर लागलं तरी सुटतात.

टॅब आणि पॉवर बँक एकमेकांवर ठेवू नका. चार्ज होताना दोघंही तापतात, आणि फोम म्हणजे गोधडीच, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. त्यापुढे टॅब स्वतःहून चार्जिंग थांबवतो आणि स्क्रीन अंधुक करतो. तुम्हाला वाटतं वायर गेली. टॅबखालचा फोम काढून तिथे जाळीचं कापड किंवा दोन पट्ट्या लावा, खालून हवा खेळेल. ऑक्टोबरच्या उन्हात टॅब बंद बॅगेत चार्जिंगला लावून बाइकच्या टाकीवर ठेवला, तर दोष टॅबला देऊ नका.

तिसरं, प्रिंटरचं बटण झाकणाने दाबलं जातंय का. दिवसभर चालू राहून तो संध्याकाळी मरतो. फोमला बटणासमोर बोटाएवढा खड्डा पाडा, एक ब्लेड पुरतं.

इथे माझं मत सांगून टाकतो, विकत घ्यायच्या आधी कुणी विचारत नाही म्हणून. गिऱ्हाइकाच्या घरी सोफ्यावर बसून अर्धा-पाऊण तास फॉर्म भरणाऱ्या विमा सल्लागाराला ब्रीफकेस शोभते आणि उपयोगी पडते. दिवसाला साठ दुकानांच्या उंबऱ्यावर उभं राहून पावती फाडणाऱ्याला ती नको. त्याने प्रिंटर कमरेला लावावा, फोन हातात धरावा, पॉवर बँक खांद्याच्या झोळीत टाकावी. उभ्याने उघडलेली ब्रीफकेस एका हातावर तोलताना टॅब पडलेला मी पाहिलाय. आणि लोकलमध्ये काम करीन म्हणून जो घेतो, त्याने तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसून ती एकदा उघडून दाखवावी.

फिकट पावती आणि यूएसबी मीटर

शेवटच्या ओळी फिकट येत असतील तर आधी प्रिंटरचं डोकं पुसा. प्रिंटर थंड होऊ द्या, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रोलच्या रुंदीची ती काळी पट्टी पुसा, दोन मिनिटं सुकू द्या. मग प्रिंटरच्या सेटिंगमधली घनता, म्हणजे छपाईचा गडदपणा, एक पायरी कमी करून बघा. थर्मल प्रिंटर अक्षर तापवून काढतो. बॅटरी थकली की सुरुवातीला जोर असतो, मोठी पावती किंवा काळा लोगो आला की व्होल्टेज कोसळतं आणि प्रिंटर बंद. पावतीवरचा लोगो काढून टाकला आणि महिने निघाले, असेही लोक आहेत. पण वायरीवर चालू ठेवूनच नीट छापतो आणि वायर काढली की मरतो, तर आतली बॅटरी संपली. ती बदलायला लागेल.

एवढं करूनही कोडं सुटत नसेल तर काही शे रुपयांत यूएसबी मीटर मिळतो. पॉवर बँक आणि वायरीच्या मधे लावा. व्होल्ट पाचवर आणि अँपिअर शून्य म्हणजे यंत्र वीज घेत नाही. अँपिअर मिळतायत पण व्होल्ट साडेचारच्या खाली घसरतंय म्हणजे पॉवर बँक दमलेली. आकडा सारखा नाचतोय म्हणजे पिन सैल. हे तीन आकडे लिहून ठेवा.

इथे थांबा

बॅटरी फुगलेली दिसली, टॅबची स्क्रीन कडेने उचलली गेली, प्रिंटरचं बॅटरीचं झाकण बसेना, गोडसर रसायनाचा वास आला, किंवा काहीही जोडलेलं नसताना एखादी वस्तू गरम लागली, तर लगेच सगळ्या वायरी काढा. ती वस्तू बॅगेतून बाहेर काढून लादीवर, पेटणाऱ्या सामानापासून लांब ठेवा. दाबू नका, टोचू नका, परत चार्ज करून "बघू तरी" म्हणू नका. तशी बॅग लोकलमध्ये तर मुळीच नेऊ नका. फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नसते, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

पोर्ट हलतोय, पिनेवर हिरवट थर आहे, पावसाचं पाणी आत गेलंय, किंवा प्रिंटरची दोन सेलची बॅटरी बदलायची आहे, तर तेही घरी करू नका. पाणी गेलेलं यंत्र तांदळात पुरून चालू करून बघणाऱ्यांचे बोर्ड माझ्याकडे ढिगाने पडलेत. बंद करा, बंदच ठेवा आणि घेऊन या. वॉरंटीत असेल तर कंपनीच्या केंद्रातच जा, आमच्यासारख्याने खोललं की वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

आणि दुरुस्तीला जाताना एकटा टॅब किंवा एकटा प्रिंटर नेऊ नका. डोंबिवलीच्या एक विमा सल्लागार ताई तीनदा नुसता टॅब घेऊन गेल्या, एका ठिकाणी पोर्ट बदलून घेतला, दुसरीकडे बॅटरी. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हटलं, ताई, उद्या अख्खी बॅग आणा, सकाळी भरता तशीच, वायरी न काढता. आणली. पॉवर बँकेच्या दुसऱ्या पोर्टात मुलाच्या मनगटी घड्याळाचा चार्जर होता.